वाक्य संपायच्या आधीच मेंदूला अर्थ कसा लागतो?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ती)

आईने बाळाला दूध पाजणाऱ्या बाईला हाक मारली.

हे वाक्य जरा सावकाश, शब्द शब्द करत वाचून बघा. 'आईने बाळाला दूध' इथपर्यंत येता येता डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं की आई बाळाला दूध पाजतेय. पुढे 'पाजणाऱ्या' येतं आणि ते चित्र मोडतं. पाजणारी दुसरीच निघते, आईने फक्त हाक मारलेली असते. म्हणजे क्रियापद यायचं होतं, तेवढ्यात कोणी कोणाला काय केलं हे मेंदूने ठरवूनही टाकलं होतं.

या विषयावरचं जमेल तसं वाचत आले आहे आणि मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे. मेंदू पूर्णविरामासाठी थांबत नाही. कानावर पडेल त्या शब्दागणिक तो अर्थ उभा करत जातो, आणि त्यात विभक्ती-प्रत्ययांसोबत जगाबद्दलची माहिती, बोलणारा माणूस, आधी झालेलं बोलणं हे सगळं एकदम हिशेबात धरतो. मराठीत यावर सलग चर्चा व्हावी असं फार दिवस मनात होतं.

सुरुवात १९८० सालापासून करते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा निबंध छापला. माणसांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्य वाचायला द्यायचं आणि मेंदूतले विजेचे बारीक चढउतार नोंदवायचे, अशी रीत. वाक्यं इंग्रजी होती. त्यातलं गाजलेलं वाक्य असं की त्याने गरम पावाला मोजे फासले. मराठीत तसंच काही करायचं तर 'आजीने गरम भाकरीवर चप्पल वाढली'. 'चप्पल' हा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांवर एक ऋण लहर उठते. तिला नाव पडलं एन४००, एन म्हणजे निगेटिव्ह, ऋण.

या दोघांना खरं तर वेगळ्याच लहरीची अपेक्षा होती. अनपेक्षित गोष्ट समोर आली की ३०० मिलिसेकंदांच्या पुढे एक धन लहर येते हे तेव्हा माहीत होतं. मोज्यांनाही तीच येईल असं वाटलं होतं. आली उलट्या दिशेची. पडताळा म्हणून त्यांनी काही वाक्यांत शेवटचा शब्द अर्थाने बरोबर, पण एकदम मोठ्या अक्षरांत दाखवला. तोही अनपेक्षितच होता, पण त्याला धन लहर आली, एन४०० नाही. म्हणजे ही लहर नुसत्या दचकण्याची नव्हती. तिचा संबंध अर्थाशी होता.

आणि ती फक्त विक्षिप्त वाक्यांतच येते असंही नाही. अर्थ असलेल्या प्रत्येक शब्दाला थोडीफार येतेच. शब्द जितका अपेक्षेतला, तितकी ती लहान. १९८४ साली याच दोघांनी ते दाखवलं. म्हणजे तुम्ही हा परिच्छेद वाचताय तेव्हा शब्दाशब्दाला ही लाट उठते-बसते आहे.

व्याकरण बिघडलं तर चित्र वेगळं दिसतं. 'रामाने पोळी खाल्ला' वाचलं की अर्थ कळतो, तरी कुठेतरी खुपतं. अशा बिघाडांवर साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास धन लहर येते, तिला पी६०० म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती इंग्रजीत आणि डचमध्ये नोंदली गेली. हिंदीतल्या क्रियापदाच्या लिंग-वचनाच्या चुकांवर २००७ साली झालेल्या प्रयोगातही ती दिसली.

इतकं प्रास्ताविक पुरे. पुढचं चर्चेत येऊ द्या.

डेल्फ्टकर

उत्तम विषय. मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि इथे विद्यार्थी असताना अशा एका प्रयोगात बसलो होतो, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो.

डोक्यावर कापडी टोपी घालतात, तिला जागोजागी भोकं असतात. प्रत्येक भोकातून केस बाजूला सारून बोथट सुईने जेल भरतात, म्हणजे इलेक्ट्रोडचा कातडीशी नीट संपर्क येतो. यालाच बराच वेळ जातो. मग अंधारलेल्या खोलीत पडद्यासमोर बसायचं. शब्द एकामागून एक, प्रत्येक जेमतेम अर्धा सेकंद. वाक्य चालू असताना पापणी लववायची नाही, कारण डोळ्याच्या आणि पापणीच्या हालचालीचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो सगळं झाकून टाकतो. वाक्य संपलं की पापण्या मिटायला थोडी सवड. अशी वाक्यं येतच राहतात, कारण एका वाक्यावरची लहर इतर गोंधळात दिसतच नाही. डझनावारी वाक्यांची सरासरी काढल्यावर ती वर येते. घरी येऊन दोनदा डोकं धुतलं तेव्हा जेल निघालं.

या देशातला सगळ्यात सुंदर प्रयोग मला वाटतो तो नायमेखनचा. पीटर हाखोर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली केलेला. इथल्या आगगाड्या पिवळ्या असतात, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी लोकांना तीन तऱ्हेची वाक्यं वाचायला दिली. इथल्या गाड्या पिवळ्या असतात आणि खूप भरलेल्या असतात. इथल्या गाड्या पांढऱ्या असतात वगैरे. इथल्या गाड्या आंबट असतात वगैरे. पहिलं खरं. दुसरं खोटं, पण भाषेच्या दृष्टीने काहीच वावगं नाही, गाडी पांढरी असूच शकते. तिसऱ्यात अर्थच बसत नाही.

तेव्हाची सरळ समजूत अशी होती की मेंदू आधी शब्दांचे अर्थ जुळवून वाक्यार्थ काढतो आणि मग तो जगाशी ताडून खरा की खोटा ते बघतो. तसं असतं तर 'पांढऱ्या'वरची प्रतिक्रिया 'आंबट'पेक्षा उशिरा यायला हवी होती. ती उशिरा आली नाही. दोन्हींवर एन४०० त्याच वेळी आली. एमआरआयमध्ये डाव्या पुढच्या भागातली तीच जागा दोन्हींसाठी जास्त काम करताना दिसली.

आपल्याकडे याचं भाषांतर करायचं तर 'हापूस आतून निळा असतो' आणि 'हापूस आतून शिस्तबद्ध असतो'. एकाला शब्दकोशाची हरकत नाही, दुसऱ्याला आहे. मेंदू मात्र दोन्हींना एकाच वेळी अडतो.

कोरडवाहू

छान माहिती, पण एक शंका आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. हापूस आणि केशरी हे शब्द आपण हजारदा एकत्र ऐकलेत. हापूस आणि निळा कधीच नाही. मग ही लहर वाक्याचा अर्थ लागल्याची खूण कशावरून? कदाचित कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या सोबतीने येतो एवढंच मेंदू मोजत असेल. सोबत ओळखीची असेल तर लहर लहान, अनोळखी असेल तर मोठी. वाक्यार्थ म्हणजे कोणी, कोणाला, काय केलं. तो यात कुठे आला?

शब्दवेल्हाळ

कोरडवाहू, नेमकं बोट ठेवलंत. तुमच्या शंकेला बळ देणारा एक प्रयोग १९८३ सालचा आहे, इरा फिशलर आणि सहकाऱ्यांचा. 'अमुक पक्षी हे झाड नाही' अशा धाटणीची इंग्रजी वाक्यं. ती खरी आहेत. तरी 'झाड' या शब्दावर मोठी एन४०० आली. 'अमुक पक्षी हा पक्षी नाही' यासारख्या धडधडीत खोट्या वाक्यात मात्र 'पक्षी'वर ती लहान राहिली. इंग्रजीत नकार आधी येऊन गेलेला असतो. तरीही मेंदूने, निदान त्या क्षणाला, नकार जमेला धरलाच नाही असं दिसलं. सोबतीने येणारे शब्द बघितले आणि पुढे गेला. तुम्ही म्हणता तसंच.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 'अमुक पक्षी हे झाड नाही' असं आपण कधी कोणाला सांगतो का? कोणी तसं म्हटलेलं नसताना आपण ते नाकारत बसत नाही. २००८ साली मान्टे न्यूलँड आणि जीना कुपरबर्ग यांनी नकाराला निमित्त दिलं. योग्य साधनं असतील तर समुद्रात खोल बुडी मारणं फार धोक्याचं नसतं, अशा तऱ्हेची वाक्यं. इथे 'नसतं' म्हणण्याला कारण आहे, कारण ऐकणाऱ्याला धोका वाटत असतो. अशा वाक्यांत खऱ्या-खोट्याचा फरक एन४०० मध्ये लगेच दिसला. म्हणजे मेंदूला नकार कळत नाही असं नाही. बिननिमित्ताचा नकार त्याला वेळेत पचत नाही.

मराठीचा विचार केला तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. आपलं 'नाही' बहुधा शेवटी येतं. 'चिमणी हे झाड' इथपर्यंत ऐकणाऱ्याला नकार येणार आहे याची काहीच कल्पना नसते. आधी होकारी वाक्य उभं राहणार आणि मग त्यावर काट बसणार. मराठीवर हा प्रयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या शंकेच्या विरुद्ध बाजूचा पुरावा, २००६ सालचा. न्यूलँड आणि योस फान बेर्कुम यांनी लोकांना एक छोटी गोष्ट ऐकवली. एक शेंगदाणा आहे, तो हसतोय, नाचतोय, नुकत्याच भेटलेल्या मुलीबद्दल गाणं म्हणतोय. शेवटी एक तर 'शेंगदाणा खारवलेला होता' किंवा 'शेंगदाणा प्रेमात पडला होता'. शब्दांची सोबत बघायची तर शेंगदाणा आणि खारवलेला यांची जोडी पक्की. पण गोष्ट ऐकून आलेल्या मेंदूला 'खारवलेला'च खटकला, 'प्रेमात पडला'वर लहर लहान होती. चार-पाच वाक्यांच्या गोष्टीने आयुष्यभराची सोबत मागे टाकली.

सह्यकडा

शेंगदाण्याचं वाचून थक्क झालो. आपल्याकडे लहान मुलांना भोपळ्यात बसलेली म्हातारी सांगतो तेव्हा तीही हेच करत असतील. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ऐकताना कोणतंही पोर 'भोपळा कसा चालेल' म्हणून अडत नाही.

मला बोलणाऱ्याचा मुद्दा जाणून घ्यायचाय. तुम्ही म्हणालात बोलणारा माणूसही हिशेबात धरला जातो. तो कसा?

डेल्फ्टकर

त्यावर माझ्याकडे उत्तर आहे. तेही फान बेर्कुम आणि सहकाऱ्यांचंच काम, २००८. 'मी रोज रात्री झोपण्यापूर्वी थोडी वाइन पिते' हे वाक्य एकदा मोठ्या माणसाच्या आवाजात आणि एकदा लहान मुलाच्या आवाजात ऐकवलं. मुलाच्या आवाजात 'वाइन' शब्द सुरू झाल्यावर २०० ते ३०० मिलिसेकंदांतच फरक दिसायला लागला. वाक्य तेच, शब्द तेच. बोलणारा बदलला की अर्थ बसण्याची रीत बदलली, आणि ती मागाहून विचार करून बदलली नाही, शब्द कानावर पडत असतानाच बदलली.

तर्कपाणी

संस्कृत शिकवतो म्हणून एक भर घालावीशी वाटते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथात वाक्यार्थज्ञानाची तीन कारणं सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. एका पदाला दुसऱ्याची गरज असणं ही आकांक्षा. 'गाय घोडा माणूस हत्ती' यात ती नाही, म्हणून नुसती पदं ओळीने ठेवून वाक्य होत नाही. अर्थांमध्ये विरोध नसणं ही योग्यता. त्याचं उदाहरण आहे 'अग्निना सिञ्चेत्', म्हणजे अग्नीने शिंपावं. शिंपणं पाण्याने होतं, म्हणून व्याकरण चोख असूनही अर्थ बसत नाही. सन्निधी म्हणजे पदं विलंब न लावता उच्चारणं. एक पद आत्ता आणि दुसरं प्रहराने म्हटलं तर 'गाम् आनय'मधूनही गाय आणण्याचा बोध होत नाही.

पावाला फासलेले मोजे आणि अग्नीने शिंपणं ही एकाच जातीची उदाहरणं आहेत. शिवाय कोरडवाहूंनी काढलेला वाद मीमांसकांतही, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते बघणाऱ्या पंडितांतही, आहे. कुमारिल भट्टाच्या मताने पदं आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय, म्हणजे जोडणी, होते. प्रभाकराच्या मताने पदं अन्वित, म्हणजे एकमेकांशी जोडलेलेच अर्थ सांगतात. मूल शब्द शिकतं तेही सुटे नाही. मोठा माणूस 'गाय आण' म्हणतो आणि दुसरा ती आणतो, मग 'घोडा आण' म्हणतो आणि घोडा येतो, हे बघत बघत मूल काय कायम राहिलं आणि काय बदललं ते ओळखतं. व्याकरणकार भर्तृहरी तर म्हणतो की वाक्य हेच अखंड, पदं ही आपण समजावून घेण्यासाठी पाडलेले तुकडे.

सह्यकडा

तर्कपाणी, फार आवडलं. फक्त 'आपल्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं' या वळणावर चर्चा जाऊ नये असं वाटतं. नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांचा, प्रश्न होता, शब्दापासून प्रमाण ज्ञान कधी होतं. मिलिसेकंद आणि मेंदूतली जागा हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

तर्कपाणी

पूर्ण सहमत. प्रश्न वेगळेच आहेत. पण प्रश्न कुठे कापायचा हे त्यांनी इतकं बारकाईने पाहिलं होतं की आजचा प्रयोग मांडणाऱ्यालाही त्याचा उपयोग व्हावा. योग्यता आणि आकांक्षा त्यांनी वेगळ्या काढल्या. धागाकर्तीने सांगितलेल्या दोन लहरी त्या भेदाशी जुळतात का, असं सहज विचारावंसं वाटतं.

शब्दवेल्हाळ

पुष्कळ वर्षं तसंच मानलं जात होतं: अर्थ बिघडला तर एन४००, रचना बिघडली तर पी६००. पण २००३ ते २००५च्या सुमारास डच आणि इंग्रजी प्रयोगांनी ही वाटणी मोडली. 'भाकरीने मुलाला खाल्लं' या जातीची वाक्यं घ्या. व्याकरण ठीक, अर्थ उलटा. इथे एन४०० यायला हवी. आली पी६००. भाकरी, मूल आणि खाणं एकत्र येतात तेव्हा ओळखीचा प्रसंग इतका जोराने पुढे येतो की मेंदू पहिल्या झटक्यात अडत नाही. मग नंतर भूमिका ताडताना अडतो. निदान एक समजूत अशी आहे. यावर अजून जोरदार वाद चालू आहेत.

आणि उलट बाजूने, हिंदीत 'ने' चुकीच्या जागी वापरला की एन४०० दिसली, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. कोण करणारा आणि कोण सोसणारा हे 'ने' ठरवतो, त्यामुळे तो प्रत्यय मेंदूच्या लेखी निव्वळ व्याकरण उरत नाही. मराठीत तर 'ने' आणखी गमतीदार आहे. रामाने आंबा खाल्ला, पण मी आंबा खाल्ला. पहिल्या-दुसऱ्या पुरुषात 'ने' गायब, तरी क्रियापद आंब्याप्रमाणेच चालतं.

मोगरा

इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत असेल. आपल्याकडे ते शेवटी येतं. मग मराठी ऐकणारा तोवर काय करतो? थांबून राहतो?

शब्दवेल्हाळ

मोगरा, थांबत नाही. आईच्या आणि दुधाच्या वाक्यात आपण ते पाहिलंच. पण यावर जपानी भाषेतला एक नेटका प्रयोग आहे, २००३ सालचा, युकी कामिदे, जेरी ऑल्टमन आणि सारा हेवुड यांचा. जपानीतही क्रियापद शेवटी आणि नामांना विभक्तीसारखे प्रत्यय. ऐकणाऱ्यासमोर चित्र: वाढणारी मुलगी, गिऱ्हाईक, बर्गर आणि इतर काही वस्तू. कानावर वाक्य येतं त्याचा क्रम मराठीत असा: 'वाढणारीने गिऱ्हाइकाला आनंदाने...' डोळे कुठे वळतात ते कॅमेरा टिपतो. बर्गरचं नाव यायच्या आत आणि क्रियापद तर अजून लांब असताना डोळे बर्गरकडे वळू लागतात. गिऱ्हाइकाला 'ला' लागलेला नसेल तर ते तितके वळत नाहीत. म्हणजे 'ने' आणि 'ला' ऐकताच मेंदूने ठरवलं की काहीतरी दिलं जाणार आहे, आणि देण्याजोगं काय आहे ते शोधलं.

इंग्रजी ऐकणाऱ्याला जो आधार क्रियापद देतं, तो आपल्याला विभक्ती देते.

रागरंग

मी तबला वाजवतो, त्यामुळे कानावर पडणाऱ्या सलग आवाजाचे विभाग मेंदू कसे पाडतो याची मला उत्सुकता. नाय डिंग, डेव्हिड पोपेल आणि इतरांचा २०१६ सालचा प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. चिनी भाषेत एकेका अक्षराचे शब्द असतात. सेकंदाला चार अक्षरं, एकसारख्या अंतराने, कुठेही विराम नाही, चढउतार नाही. दोन अक्षरांचा एक पदबंध, चार अक्षरांचं एक वाक्य. चिनी येणाऱ्यांच्या मेंदूत तीन ठेके दिसले: सेकंदाला चार, सेकंदाला दोन आणि सेकंदाला एक. चिनी न येणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या मेंदूत फक्त चारचा. आवाजात दोनचा आणि एकचा ठेका नव्हताच. तो ऐकणाऱ्याने, भाषा येत असल्याच्या जोरावर, आतून घातला. तीनतालात सम कोणी वेगळी वाजवून दाखवत नाही, पण जाणणारा तिथे मान हलवतो, तसंच हे.

जुना_इंजिनियर

सगळं वाचतोय. सरळ प्रश्न: हे मेंदूत नेमकं कुठे होतं? शाळेत ब्रोका आणि वेर्निके ही दोन नावं शिकलो होतो, एक बोलण्याचं केंद्र, एक समजण्याचं. तेवढं पुरतं का?

वाचाताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे, त्यामुळे याचं उत्तर देते. तेवढं पुरत नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याला 'तां' एवढंच बोलता यायचं, समजत मात्र बरंच होतं असं वाटे. मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ साली कार्ल वेर्निकेने मागच्या बाजूच्या इजेने समजणं बिघडतं हे मांडलं. लबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला आहे. २००७ साली त्याचा एमआरआय काढला तेव्हा इजा ब्रोकाच्या भागापुरती नव्हतीच, ती खोल, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली.

दुसरं, ब्रोका वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने बोलणं तुटक होणं, असलेल्यांना समजतं ही कल्पनाही १९७६ साली हलली. अल्फोन्सो कारामाझा आणि एडगर झुरिफ यांनी दोन जातीची वाक्यं दिली. 'मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे' या जातीचं वाक्य रुग्णांना जमलं. 'मुलगी ज्याच्यामागे धावतेय तो मुलगा उंच आहे' या जातीचं वाक्य चित्राशी जुळवताना उत्तर अंदाजपंचे आलं. सफरचंद मुलाला खाऊ शकत नाही, त्यामुळे पहिल्यात शब्दांवरून अर्थ काढता येतो. मुलगा आणि मुलगी मात्र दोघंही एकमेकांच्या मागे धावू शकतात, तिथे रचनेशिवाय गत्यंतर नाही.

आज आम्ही डाव्या बाजूच्या पुढच्या आणि कानशिलाच्या भागांचं एक जाळं मानतो. एव्हेलिना फेडोरेन्को यांच्या गटाने २०२२ साली १२ भाषाकुळांतल्या ४५ भाषांच्या भाषकांत ते जाळं तपासलं आणि ते सगळीकडे सारखंच सापडलं. हे जाळं भाषेपुरतं आहे, विचारांचं सगळं काम त्याच्याकडे नाही. रोझमेरी व्हार्ली यांनी २००५ साली असे तीन रुग्ण दाखवले ज्यांना वाक्यातलं कोणी कोणाला हे उलगडत नव्हतं, पण कंसांची गणितं येत होती.

मोगरा

वाचाताई, हे वाचून विचारायचा धीर झाला. माझ्या सासऱ्यांना स्ट्रोक झाला. मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ होती. 'पाणी हवंय का', 'औषध घेतलंत का' हे सगळं कळतं. पण परवा यांनी सांगितलं, 'दादाला ताईने पैसे दिले', तर बाबा दिवसभर दादाने ताईला दिले असंच धरून बसले. आम्हाला वाटलं विसरताहेत. डॉक्टरांनी 'समजतं त्यांना' एवढंच सांगितलं होतं.

वाचाताई

मोगरा, विसरण्याचाच हा प्रकार असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण काय तपासतात ते सांगते.

आम्ही दोन चित्रं समोर ठेवतो. एकात मुलगी मुलाला ढकलतेय, दुसऱ्यात मुलगा मुलीला. मग वाक्य म्हणतो, 'मुलीने मुलाला ढकललं'. कित्येक जण बरोबर चित्र दाखवतात. मग तेच वाक्य पदं फिरवून, 'मुलाला मुलीने ढकललं'. आपल्याला दोन्ही सारखीच वाटतात, कारण 'ने' आणि 'ला' आपलं काम करतात. काही रुग्णांना प्रत्ययांचा आधार घेता येत नाही, मग ते पहिलं नाव आलं तो करणारा असं धरतात. तुमच्या वाक्यात 'दादाला' आधी होतं. त्यानंतर 'मुलाने केळ्याला सोललं' सारखं, उलटता न येणारं वाक्य दिलं की बरोबर उत्तर येतं. इथेच घरचे फसतात. रोजचं जवळजवळ सगळं बोलणं उलटता न येणारं असतं. पाणी माणसाला पीत नाही. प्रसंगावरून, हातवाऱ्यांवरून बहुतेक कळून जातं आणि वाटतं की सगळं समजतंय.

कोरडवाहू

म्हणजे मी वर विचारलं होतं त्याचं उत्तर इथेच आलं. शब्दांच्या सोबतीवरून अर्थ लावणं आणि कोणी कोणाला हे उलगडणं या दोन गोष्टी वेगळ्या बिघडू शकतात, तर त्या मेंदूतही काही अंशी वेगळ्याच असणार. धन्यवाद.

शब्दवेल्हाळ

अगदी. आणि धड मेंदूतही नेमक्या शब्दांपेक्षा उभ्या राहिलेल्या चित्राचं पारडं किती जड असतं याचं एक उदाहरण १९७२ सालचं, जॉन ब्रॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांचं. तीन कासवं ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्याखालून एक मासा गेला. हे ऐकलेल्यांना नंतर विचारलं की मासा ओंडक्याखालून गेला असं वाक्य होतं का, तर पुष्कळांनी हो म्हटलं. कासवं ओंडक्याशेजारी बसली होती असं ऐकवलेल्यांचा तो गोंधळ झाला नाही. शब्द पुसले जातात आणि उभं राहिलेलं चित्र उरतं, त्या चित्रात मासा दोघांच्याही खालून गेलेला असतो. बाबांनाही दादा, ताई आणि पैसे लक्षात राहिलेच आहेत.

मोगरा

सगळ्यांचे आभार. आता घरी काय करावं? आणि कुठे दाखवावं?

वाचाताई

बोलताना करणाऱ्याचं नाव आधी घ्या: 'ताईने दिले. दादाला दिले. पैसे.' असं तुकड्यांत चालेल. लांब, एकात एक गुंतलेली वाक्यं टाळा. 'काल आलेल्या माणसाने दिलेलं पाकीट' ऐवजी 'काल एक माणूस आला. त्याने पाकीट दिलं.' दोन माणसांचा संबंध असेल तर फोटो किंवा बोट दाखवून सांगा. मग उलटं विचारून खात्री करा: 'दादाने दिले का?' त्यांनी 'नाही' म्हटलं तर पोचलं. 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला बहुतेक जण हो म्हणतात. आणि मोठ्याने बोलू नका, ऐकायला त्यांना येतंच आहे.

मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा नायर रुग्णालयाच्या वाचा-श्रवण विभागात चौकशी करा. बाहेर असाल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहे का विचारा. तिथे गेल्यावर 'बोलणं आणि समजणं दोन्ही तपासा, वाक्यांच्या पातळीवर' असं आवर्जून सांगा, नाहीतर एकेका शब्दावर तपासणी आटोपते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते, त्यामुळे या आठवड्यातच जा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि हे पैशांचं उदाहरण जसंच्या तसं सांगा.